ठोका सोडणारी घोडी

घाबरलेलं घोडं पास होतं आणि निवांत घोडं नापास होतं. असं ठरवणारं यंत्र मी बनवलं. मी डॉ. सुलक्षणा वडजे, बोरगव्हाणच्या घोडेबाजाराची माजी मुख्य तपासणी अधिकारी. जत्रेत लोक मला वाकून नमस्कार करत. त्याआधी ते माझ्या वडिलांना करायचे.

माझे वडील लिंबाजी वडजे घोड्यांची लक्षणं सांगायचे, म्हणूनच माझं नाव असं ठेवलेलं. मार्गशीर्षात जत्रा भरली की घोडं घेणारा माणूस आधी आबांना बोलावून आणायचा. आबा जनावराभोवती एक फेरी मारत. कपाळावरचे, गळ्याखालचे, पोटाखालचे केसांचे भोवरे बघत. गळ्याखाली भोवरा असला तर तो देवमण, घर भरतं. डोळ्याखाली असला तर आसूढाळ, घरात रडारड होते. पाठीवर केसांची गोम दिसली तर बोलायलाच नको. आबांनी मान हलवली की चांगल्या धडधाकट जनावराकडे दिवसभर कुणी फिरकत नसे.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा आमच्या घरी बदामी रंगाचं एक शिंगरू होतं. दोन वर्षं मी त्याच्या मागे होते, शाळेतून आले की दप्तर टाकून आधी त्याच्याकडे. त्याच्यावर पहिल्यांदा बसायचा दिवसही ठरला होता. आदल्या सकाळी आबा त्याला पांजरपोळात सोडून आले. म्हणाले, "आसूढाळ हाय. दारात नको." मी दोन दिवस जेवले नाही. आबांनी एकदाही समजूत काढली नाही. चार केस गोल फिरलेत म्हणून कुणी जीव टाकून देतं का, हा प्रश्न मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरले आणि त्या रागावरच परभणीला पशुवैद्यकाचं शिक्षण पूर्ण केलं.

मला भोवरे मोडून काढायचे होते. त्यासाठी घोड्याच्या आत काय चाललंय ते लोकांना दाखवायला हवं होतं.

घोड्याचं हृदय चार किलोच्या आसपास भरतं. उभं राहून रवंथ केल्यासारखं स्वस्थ असलेलं घोडं (घोडं रवंथ करत नाही, पण चेहरा तसाच करतं) मिनिटाला जेमतेम तीस-पस्तीस ठोके देतं. तेच जिवाच्या आकांतानं पळालं की आकडा सव्वादोनशेच्या पुढे जातो. एवढी मोठी झेप फार थोड्या प्राण्यांना जमते. प्रत्येक ठोक्याचा विजेचा इशारा हृदयाच्या वरच्या कप्प्यात उठतो आणि मधल्या फाटकातून खालच्या कप्प्यांत उतरतो. घोडं स्वस्थ असलं की मेंदूकडून आलेला एक लांब मज्जातंतू या फाटकाला आवरून धरतो. मग तीन-चार इशारे खाली जातात आणि एखादा फाटकावरच अडतो. तेवढ्यापुरता ठोका पडत नाही. कान लावून ऐकणाऱ्याला वाटतं, हृदय थांबलं. ते थांबलेलं नसतं. घोडं चार पावलं पळालं किंवा नुसतं दचकलं, तरी फाटक उघडतं आणि सगळे ठोके ओळीनं पडू लागतात. हा रोग नाही. गळालेला ठोका ही तंदुरुस्त आणि निर्धास्त घोड्याची खूण आहे.

रोग वेगळा. त्यात वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि ठोके वाटेल तसे पडतात. एक लवकर, एक उशिरा, दोन लागोपाठ. तो गोंधळ पळाल्यावरही जात नाही. असं घोडं एखाद्या दिवशी चढावर दम लागून खाली बसतं, कधी स्वारासकट कोसळतं.

मी बनवलेला पट्टा खोगिराच्या तंगासारखा छातीला बांधायचा. पाच मिनिटांत तो हा फरक अचूक सांगत असे. दोन हजार तेहतीस साली लग्नाच्या एका मिरवणुकीत घोडी कोसळून नवरदेव दगावला, त्यानंतर पट्ट्याची तपासणी सक्तीची झाली. पहिल्याच जत्रेत मी रोगट हृदयाची सहा घोडी शोधून काढली. त्या वर्षी आबांना कुणीही बोलावलं नाही. ते दिवसभर आमच्या राहुटीसमोर खाटेवर बसून होते आणि मी त्यांच्यासमोरून चार वेळा मुद्दाम गेले. मला आनंद झाला होता. आता हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

चूक एवढीच केली, की पडद्यावर मी सगळंच दाखवलं. रोग असला तर तो खाली शब्दांत येई. गळालेला प्रत्येक ठोका मात्र वरच्या रेघेवर ठिपक्यानं दिसे, फक्त माहितीसाठी. ठिपक्याचा रंग लाल. लाल मीच निवडला, उठून दिसतो म्हणून.

बाजारानं खालचे शब्द वाचलेच नाहीत. सगळे ठिपके मोजायला लागले. दोन वर्षांत त्याला नावही पडलं, आतली गोम. "घोडं देखणं हाय, पर आत गोम हाय त्याच्या." मी प्रत्येकाला समजावून सांगितलं, पत्रकं वाटली, भोंग्यावरून बोलले. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि पुन्हा ठिपके मोजायचे. मग विमा कंपन्यांनीही मोजले. मिनिटाला दोनपेक्षा जास्त ठिपके असतील तर त्या घोड्यावर माणूस बसवायचा नाही, असा नियम झाला. पट्टा बनवणाऱ्या कंपनीला मी लिहिलं की ठिपके काढून टाका. तिथला साहेब फार गोड बोलला. म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाईक ठिपक्यांसाठीच पट्टा घेतंय. ते काढून काय विकू?"

पुढचं ओघानंच आलं. ठिपके घालवायचा उपाय सोपा होता. तपासणीच्या आधी जनावराला मांडवातल्या कापडी पडद्यामागे नेऊन धाक द्यायचा. खडे भरलेला डबा, काठी, तोंडावर पोतं. घाबरलेल्या घोड्याचं फाटक उघडं राहतं आणि रेघ स्वच्छ येते. शिवाय पैदाशीचे घोडेही बिनठिपक्यांचेच निवडले जाऊ लागले, म्हणजे जे कधीच स्वस्थ होत नाहीत तेच. त्यांची शिंगरं सावली हलली तरी दोरी तोडू लागली. जत्रेत पूर्वी घोडी उभ्या उभ्या डुलक्या घ्यायची. नंतर ओळीच्या ओळी कान टवकारून, डोळ्यांचं पांढरं दाखवत उभ्या असत आणि सगळ्यांच्या गळ्यात पास झाल्याचा, माझ्या सहीचा हिरवा बिल्ला असे. तो कापडी पडदा माझ्या टेबलाच्या मागेच होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसायचे.

एकेचाळीस सालच्या जत्रेत, दुसऱ्या दिवशी दुपारी, आबा रांगेत दिसले. वय एकोणऐंशी, डाव्या गुडघ्यानं साथ सोडलेली, खांद्यावर काळं घोंगडं. मागे पाखरी. ही त्यांची शेवटची घोडी, चौदा वर्षांची, करडी. शिंगरू असल्यापासून त्यांनीच वाढवलेली. तिला दोरी लागत नसे. आबा पुढे चालले की ती त्यांच्या घोंगड्याला नाक लावून मागे चालायची.

"आबा, तुम्ही रांगेत कशाला? मला सांगायचं ना," मी उठून गेले.

"सगळे उभे हायत की. मी काय येगळा हाय का?" आबा म्हणाले. "बिल्ला पायजे माय. हेमलता बाईंनी मागितलाय."

हेमलता बाई लातूरजवळ विशेष मुलांची शाळा चालवायच्या. ज्या मुलांना पाठ ताठ ठेवून बसता येत नाही, त्यांना शांत घोड्यावर बसवून हळूहळू चालवलं की घोड्याच्या चालीनं त्यांच्या कमरेला ताल सापडतो. बाई चांगलं घोडं शोधून दमल्या होत्या. महिन्यापूर्वी त्या पाच मुलांना घेऊन आबांकडे आल्या, तेव्हा त्यांतली एक मुलगी पाखरीच्या पाठीवर पालथी पडून झोपून गेली. पाऊण तास. पाखरी पाऊण तास जागची हलली नाही. बाईंना हीच घोडी हवी होती आणि आबांना तिला तिथेच द्यायची होती. फक्त शाळेच्या विम्याला हिरवा बिल्ला लागत होता.

"मला आता लीद उचलणं व्हत न्हाई," आबा म्हणाले. "मी गेल्यावर हिला कोण बघंल? तू दौऱ्यावर. लेकरायच्यात ऱ्हाईली तर ऱ्हाईली."

मी स्वतः पट्टा बांधला. आबा शेजारी उभे होते, त्यांचा हात तिच्या मानेवर. पाच मिनिटांत पडद्यावर लाल पुरळ उठलं. मिनिटाला नऊ ठिपके. खाली शब्द आले, हृदय निरोगी. ते वाचणारी त्या मांडवात मी एकटीच. आकडा पट्ट्यातून थेट नोंदीत जातो, माझ्या सहीनं बदलत नाही, आणि नाकाच्या ठशावर जनावर ओळखलं जातं, त्यामुळे दुसरं घोडंही उभं करता येत नाही. नापास झालेल्याला तासाभरात एक फेरतपासणी मिळते. तीच शेवटची.

आम्ही बाजूला चिंचेखाली बसलो. आबांनी विचारलं, "किती सोडले?"

"नऊ."

"चांगलं हाय की," ते खूश होऊन म्हणाले. "मी मोजलं तवा सात व्हते. तुझ्या हातानं अजून निवांत झाली."

मला कळायला वेळ लागला. "तुम्ही मोजलेत? कसे?"

"कानानं. कोपराच्या मागं कान लावायचा आन् गप बसायचं. घोडं भ्यालेलं असलं तर ठोका सोडत न्हाई. तुमच्यावर भरवसा बसला, की सोडतं. मग समजायचं, हे माणसाला इजा करत न्हाई. जल्मभर तेच केलं मी."

"आणि भोवरे?"

आबा हसले. "लोकायला कानानं ऐकलेलं पटत न्हाई बाई. डोळ्याला दिसाय पायजे. मग ऐकायचं कानानं आन् दाखवायचा भोवरा. कोणत्याबी घोड्याला कुठं ना कुठं भोवरा असतोच."

"सगळेच भोवरे तसे?"

"सगळे न्हाईत," ते म्हणाले. "गर्दी असली की नुस्ता भोवरा बघूनबी बोललो. लई जनावरं वाया गेली त्यात. खोटं कामून बोलू?"

मग मी ते विचारलं, जे तीस वर्षं विचारलं नव्हतं. "माझं शिंगरू?"

आबांनी पाखरीकडे बघितलं. "त्याच्या काळजाला ताल नव्हता. चार दिस कान लावला. उभं असताना, पळवून आणल्यावर. कसंबी पडायचे ठोके. तू त्याच्यावर बसणार व्हतीस."

"मग मला तसं सांगायचं ना, आबा!"

"सांगितलं असतं तर तू कान लावून बसली असतीस त्याच्यापाशी. ते मरस्तोवर. त्यापरीस माझा राग केलास ते बरं झालं. शिकलीस तरी."

ज्या रोगासाठी मी यंत्र बनवलं तो रोग या माणसानं नुसत्या कानानं ओळखला होता. आणि भोवरा मोडायला निघालेल्या मी पडद्यावर लाल रंगाचा नवा भोवरा काढून दिला होता. त्याच्यापायी त्यांची धडधाकट घोडी नापास झाली होती. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त, काहीतरी करून दाखवायचं होतं. आबांसाठी, आत्ता, या तासाच्या आत.

"आबा, तुम्ही चहा घेऊन या," मी म्हटलं. "मी बघते हिचं काय ते."

"खोटं काई करू नको."

"नाही करत."

ते काठी टेकत गेले. जाताना घोंगडं पाखरीच्या पाठीवर टाकून गेले, गार वारं लागू नये म्हणून.

पडद्यामागे व्यंकट इंगोले नावाचा दलाल होता. तो माझ्याकडे बघून जरासुद्धा चकित झाला नाही. "या डॉक्टरबाई. आज घरचं जनावर वाटतं?" त्यानं खडे भरलेला डबा माझ्या हातात दिला.

मी डबा पाखरीच्या कानाशी वाजवला. ती दचकली, मग डब्याचा वास घेतला. दोन मिनिटांनी इंगोलेनं सरावासाठी ठेवलेला, नोंदीला न जोडलेला पट्टा लावून बघितला तर ठिपके परत आलेले. मी डबा जमिनीवर आपटला. तिनं माझ्याकडे बघितलं, बस्स. चौदा वर्षांत तिच्या वाट्याला भ्यायची वेळच आली नव्हती. भ्यायचं कसं हे तिला ठाऊक नव्हतं.

"आसं न्हाई व्हायचं," इंगोले म्हणाला. "डोळं झाका आदी. मार कुठून येतोय ते कळता कामा नये. मग धाक अर्धा तास टिकतो."

त्यानं पोतं आणलं. पाखरीनं मान झटकून ते उडवलं. दुसऱ्यांदाही उडवलं. घड्याळात वीस मिनिटं उरली होती. मी तिच्या पाठीवरचं घोंगडं काढलं आणि तिच्या तोंडासमोर धरलं. तिनं वास घेतला आणि डोकं आपणहून खाली केलं, मला झाकायला सोपं जावं म्हणून.

काठी मी स्वतः उचलली. इंगोलेला मारू दिलं असतं तर निदान हात माझा नसता. पण मला वाटलं, मी हलकं मारीन. पहिली हलकीच होती. पुढच्या चार नव्हत्या. ती ओरडली नाही, फक्त घोंगड्याच्या आत तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला आणि चारही पाय लटलटू लागले.

फेरतपासणीत मिनिटाला बावन्न ठोके, सगळे ओळीनं. एकही ठिपका नाही. इंगोले म्हणाला, "एक नंबर!" मी सही केली आणि हिरवा बिल्ला तिच्या गळ्यात बांधला.

आबा येईपर्यंत मी तिला पुन्हा चिंचेखाली आणून, फांदीला दोरीनं बांधून, अंगावरून हात फिरवून उभं केलं होतं. घोंगडं बुंध्यावर ठेवलं होतं. बिल्ला बघून आबांचा चेहरा उजळला. "झाली? कशी काय झाली?"

"पट्टा सैल बसला होता आधी," मी म्हटलं.

त्यांनी घोंगडं खांद्यावर टाकलं आणि नेहमीसारखे तिच्याजवळ गेले. पाखरी मागे सरली. त्यांना वाटलं, माशी चावली असेल. ते आणखी एक पाऊल पुढे गेले. घोंगड्याचा वास तिच्या नाकात गेला आणि तिनं दोरीला असा हिसका दिला की चिंचेची फांदी हलली. तिच्या डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. तसं तिला मी कधी पाहिलं नव्हतं, आणि आबांनी तर नाहीच.

आबा जागीच थांबले. घोंगड्याकडे बघितलं. त्याला तिच्या तोंडचा फेस लागला होता. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

त्यांनी घोंगडं काढून लांब टाकलं. गुडघा दुखत असताना वाकून तिच्या कोपरामागे कान लावला. बराच वेळ तसेच होते. तिच्या अंगावरून शहारे जात होते आणि आबा ओठ हलवत ठोके मोजत होते.

उभे राहिले तेव्हा म्हणाले, "एकबी सोडत न्हाई."

"होईल आबा, चार दिवसांत पहिल्यासारखी. मी—"

"बाईंना फोन कर. घोडी येत न्हाई म्हणावं."

"पण बिल्ला मिळालाय आता! सगळं झालंय!"

"लेकरं तिच्यावर बसायचीत माय, बिल्ल्यावर न्हाई." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पण आवाज नेहमीचाच होता. "आन् ते घोंगडं तूच ने. मला नको आता."

फोन मीच केला. हेमलता बाईंनी कारण विचारलं. घोडी नापास झाली असं मी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "असू द्या, आमचंच नशीब." पास झालेल्या घोडीबद्दल मी त्या दिवशी दुसऱ्यांदा खोटं बोलले.

आबा ज्येष्ठात गेले. शेवटचे सहा महिने ते रोज खाट तिच्याजवळ टाकून बसायचे, घोंगड्याशिवाय, नवा सदरा घालून, अंगाला साबण लावून. ती हातातलं गवत खायची. गवत संपलं की दोरी पुरेल तितकी लांब जाऊन उभी राहायची. त्यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. त्या जत्रेबद्दल पुन्हा काही विचारलंही नाही.

अधिकारीपद मी सोडलं. माझ्या जागी आलेला मुलगा हुशार आहे, त्यालाही पडद्याकडे पाठ करून बसता येतं. पाखरी आता माझ्याकडे असते. घोंगडं मी चारदा धुतलं आणि शेवटी जाळलं. रोज सकाळी तिचं खाणं झालं की मी आबांसारखी तिच्या डाव्या कोपरामागे कान लावून बसते. पट्टा बांधत नाही. पहिले दोन-तीनशे ठोके मोजते, पुढे मोजणं सोडून नुसतीच ऐकते. ठोके एकामागून एक, ओळीनं पडत राहतात. ती उभी राहते, पळत नाही, मला लाथ मारत नाही. मी तासभर थांबते. ती एकही ठोका सोडत नाही.